ऑक्टोपसला तीन हृदयं असतात म्हणे

उन्हं तापायला लागली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर वर्षी एक सूचना येते. 'टेरेसवर मिरच्या, पापड, कुरडया वाळत घालू नयेत. सोलर पॅनलला त्रास होतो.' सोलर पॅनललाही ठसका लागतो, हे ज्ञान मला या वयात झालं. यंदाही सूचना आली. मी ती नीट वाचली, खाली अंगठा दाखवला आणि मिरच्यांची पिशवी घेऊन लिफ्टने वर गेले.

बरोबर माझी नात इरा. वय नऊ, सुट्टी लागलेली, हातात आईचा जुना फोन. मी जुनी साडी अंथरून मिरच्या पसरते आहे आणि ही सावलीत बसून जगाचे हालहवाल वाचते आहे.

"आजी, पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही."

"लागत नाही म्हणे," मी म्हटलं.

"म्हणे नाही. फॅक्ट आहे."

"तुला कुठल्या पोपटाने सांगितलं?"

"फोनने."

एवढ्यात एक साळुंकी खरोखरच येऊन साडीच्या काठावर बसली. आम्ही दोघी श्वास रोखून पाहत राहिलो. तिने एक मिरची उलटीपालटी केली, चोच पुसली आणि समोरच्या टॉवरकडे उडून गेली. इरा म्हणाली, तिचं पोट भरलेलं असणार. मी म्हटलं, असणार म्हणे. ती चिडून खाली गेली.

तिचा फोन कधी 'म्हणे' म्हणत नाही, हे माझ्या लक्षात आलंय. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, हे तो अशा आवाजात सांगतो की जणू कालच तिथे मुक्काम करून आलाय. आणि आपलं 'म्हणे' बघा. दोन अक्षरं. पण त्यात 'मी पाहिलेलं नाही', 'कुणीतरी सांगितलं', 'खोटं निघालं तर माझ्याकडे येऊ नका' आणि 'तरी ऐका, मजा आहे' एवढं सगळं मावतं. शिवाय बोलणाऱ्याच्या ओठांचा एक कोपरा थोडासा वर जातो, तो वेगळाच.

हे शहाणपण मला आता आलंय. तरुणपणी या शब्दाचा मला भयंकर राग होता.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून नेरूळला आले तेव्हा इथे आतासारखे टॉवर नव्हते. तीन मजल्यांच्या बिल्डिंगी, मध्ये मोकळी माळरानं, आणि संध्याकाळी खाडीकडून येणारा खारट, चिखलाचा वास. घरात आम्ही चौघं. मी, आमचे हे, सासूबाई आणि माझी नणंद सुलू. मी बी.ए. झालेली. बी.ए. झालेल्या मुलीला लग्नानंतर पहिल्या वर्षी जी एक धग असते ना, ती माझ्यात सगळी जमा झालेली. सकाळी पोळ्या लाटताना मला वाटायचं, या घरावर प्रकाश टाकायची जबाबदारी नियतीने माझ्यावर सोपवली आहे.

प्रकाशासाठी इंधन यायचं वाण्याकडून. त्या काळी जिरं, मोहरी, हिंग सगळं कागदी पुडीत बांधून मिळायचं, आणि आमच्या वाण्याने कुठल्याशा बंद पडलेल्या क्लासची रद्दी घाऊक उचलली होती. सामान्य ज्ञानाची पुस्तकंच्या पुस्तकं! मी पुड्या सोडवून डब्यात ओतायची आणि कागद ओट्यावर सपाट करून वाचत बसायची. जिराफाच्या मानेत माणसाइतकेच सात मणके. फुलपाखराला चव पायांनी कळते. हे सगळं मला धण्याजिऱ्याबरोबर मिळालं. आजही जिराफ म्हटलं की मला जिऱ्याचा वास येतो.

अडचण एकच होती. कागद फाटका असायचा. एकदा बडीशेपेच्या पुडीवर आलं, 'ऑक्टोपस या प्राण्यास तीन', आणि पुढे कागद संपला. तीन काय? मी दोन दिवस अस्वस्थ. पुढच्या पुडीवर नद्यांची उगमस्थानं निघाली. शेवटी मी स्वतःच विचार केला, एवढे हातपाय सांभाळायचे म्हणजे बायका असणार, आणि आठवडाभर सगळ्या बिल्डिंगीत सांगत सुटले की ऑक्टोपसला तीन बायका असतात. आमच्या ह्यांनी पेपरात वाचून हृदयं असल्याचं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "तेच ते." वर मान ताठ. तेव्हाची ती मी आज मला भेटली तर मी जिन्यात दुसऱ्या बाजूने उतरेन.

सासूबाईंची तऱ्हा उलटी. त्या प्रत्येक वाक्याला 'म्हणे' लावत. दुसऱ्याने सांगितलेल्याला तर लावतच, पण स्वतः पाहिलेल्यालाही. हातात फाटलेल्या दुधाचं पातेलं धरून म्हणायच्या, "दूध नासलं म्हणे." मी म्हणायची, "आई, तुम्ही बघताय ना? मग म्हणे कशाला?"

"अगं, माझे डोळे म्हणतात."

मी कपाळाला हात लावायची. अडाणीपणाचं लक्षण म्हणून मी 'म्हणे'वर घरात बंदीच जाहीर केली. सासूबाईंनी ती मान्य केली. दुपारी शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "आमच्या सुनेने म्हणे बंद केलंय म्हणे."

त्या उन्हाळ्यातही मिरच्या गच्चीवर होत्या. मसाल्याचे दिवस म्हणजे सगळ्या बायका वर. तिथे जवळच्या गावातल्या हिराबाई यायच्या. आमची बिल्डिंग जिथे उभी होती तिथे त्यांच्या सासऱ्यांचं भात पिकायचं. त्या मिरचीचे देठ मोडायला बसल्या की मला ऐकणारं माणूस मिळायचं. मी त्यांना सांगितलं, समुद्रघोडा नावाचा मासा असतो, त्याच्यात नर गरोदर राहतो आणि बाळंतही तोच होतो.

हिराबाईंनी देठ मोडायचं थांबवलं. "बापय? बाप्या मानूस?"

"हो."

"आनि बालंतपनाच्या कला येतान त्यालाच?"

"त्यालाच."

"मंग वरडतो का नाय गो?"

हे पुडीवर नव्हतं. मी म्हटलं, पाण्यात ओरडलेलं ऐकू येत नाही. हिराबाई उठल्या आणि त्यांनी जिन्यातून खाली आपल्या नवऱ्याला अशी काही हाक मारली, की तो बिचारा काम सोडून धावत वर आला. त्याने विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "काय नाय. तुला बगायचा होता."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण त्या उन्हाळ्यात आमच्या सुलूच्या जिवाला घोर लागला होता.

सुलू रबाळ्याला एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. रंगाचा नमुना पत्र्यावर ओढायचा, वाळू द्यायचा, नखाने खरवडायचा, उन्हात धरून बघायचा, हे तिचं काम. घरी यायची ती नखांत निळा, नाहीतर विटकरी रंग घेऊन. सासूबाई जेवायला वाढताना म्हणायच्या, "आज हिरवी आली म्हणे." कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर थांबली की ही डबा हातात घेऊन जी पळायची, तिच्या पळण्यातच दिसायचं की हिला तिथे किती आवडतं. अजून कुणी माणूस मला कामावर इतक्या आनंदाने पळताना दिसलेला नाही.

आणि लग्नसराई आली. वाशीच्या कुसुममावशी, म्हणजे सासूबाईंच्या मावसबहीण, स्थळ घेऊन आल्या. मुलगा पनवेलचा, श्रीकांत नाव, बँकेत नोकरी. घर चांगलं, माणसं चांगली, आई बालवाडी चालवते, वडील नाहीत. सगळं सांगून झाल्यावर मावशींनी सरबताचा पेला खाली ठेवला आणि आवाज उतरवला. "फक्त एक आहे. त्यांना सुनेने नोकरी केलेली चालायची नाही म्हणे."

सासूबाई सुलूकडे बघायला लागल्या. सुलू नखांतला रंग काढायला लागली. याआधी दोन स्थळं तिनेच नाकारली होती. तिसऱ्यांदा नाही म्हणायचं तर कारण काय द्यायचं? 'मला कारखाना आवडतो' हे कारण त्या काळी आमच्या नात्यात कुणी दिलेलं नव्हतं. सासऱ्यांच्या मागे वडिलांची जागा सांभाळणारे आमचे हे म्हणाले, "बघू तर खरं. बघायला काय जातं?" बघायला काहीच जात नाही, म्हणता म्हणता होकार होतो, हे सुलूला पक्कं माहीत होतं.

बघायला यायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "मंदा, उद्या तुझं ते जिराफ-बिराफ काही काढू नकोस हं. पोहे दे, पाणी दे, हस आणि आत ये."

मी मान डोलावली. थोड्या वेळाने सुलूने मला गच्चीवर गाठलं. मिरच्या गोळा करायच्या निमित्ताने आली होती.

"वहिनी, उद्या तू बोल."

"आईंनी नको म्हटलंय."

"म्हणूनच. तुझ्याकडे जेवढं किळसवाणं आहे ना, तेवढं सगळं काढ. मला नाही म्हणायची वेळच येऊ देऊ नकोस. त्यांनीच उठून गेलं पाहिजे."

मला माझ्या ज्ञानाचा हा असा उपयोग कुणी सुचवला नव्हता. अपमान वाटायला हवा होता. पण माणूस वर्षभर न विचारता बोलत असतो आणि अचानक त्याला कुणी 'बोल' म्हणतं, तेव्हा त्याला अपमान कळत नाही. रात्री मी सगळ्या पुड्यांचे कागद काढून उजळणी केली. आमचे हे म्हणाले, "बघायला सुलूला येतायत ना?"

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. श्रीकांत, त्याची आई आणि कुसुममावशी. श्रीकांत उंच, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. आला, बसला आणि गप्प झाला. त्याची आई मात्र गोल चष्म्यातून घराचा कोपरान् कोपरा आवडीने बघत होती. सुलू खाली मान घालून पोह्यांच्या बशा घेऊन आली. सासूबाई म्हणाल्या, "सुलूनेच केलेत." हे प्रत्येक घरात म्हणतात. पोहे अर्थात मीच केले होते. सगळ्यांनी पहिला घास घेतला. "छान झालेत," मावशी म्हणाल्या. "छान," श्रीकांतची आई म्हणाली.

सुलूने माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला.

"माशीला दात नसतात," मी म्हटलं. "ती अन्नावर बसली की आधी त्यावर ओकते, मग ते विरघळलं की शोषून घेते."

सासूबाईंनी डोळे मिटले. मावशींच्या बशीभोवती नेमकी एक माशी फिरत होती.

"अस्सं?" श्रीकांतची आई म्हणाली आणि तिने आणखी एक घास घेतला.

मी जोर वाढवला. "झुरळाचं डोकं कापलं तरी ते आठवडाभर जगतं."

"मग मरतं कशाने?"

"तहानेने. पाणी प्यायला तोंड नसतं ना."

"बिच्चारं!" आणि ती पुढे सरकून बसली. "मध काय असतो, माहितीये?"

हे माझं राखून ठेवलेलं अस्त्र होतं. "मधमाशीने पोटातून वर काढलेला रस," मी थोडी निराश होऊनच म्हटलं.

"बरोब्बर! मी पोरांना सांगते बालवाडीत, तर त्यांच्या आया भांडायला येतात." तिने बशी खाली ठेवली, दोन्ही हात मोकळे केले. "आता माझं ऐका. शार्कची एक जात असते. तिची पिल्लं आईच्या पोटात असतानाच एकमेकांना खातात. मोठं एक उरतं, तेच जन्माला येतं."

"अगंबाई!" मी म्हटलं, आणि स्वतःसकट सगळं विसरले. "कुठल्या पुडीत मिळालं तुम्हाला?"

"रेडिओवर."

पुढची काही मिनिटं आम्ही दोघींनी मिळून प्राणिसृष्टीची जी काही लाज काढली, ती सांगण्यासारखी नाही. खेकड्यांपासून कोळ्यांपर्यंत कुणाला सोडलं नाही. कोळ्याची मादी नराला लग्नानंतर खाऊन टाकते, हे सांगताना श्रीकांतच्या आईने मुलाच्या पाठीवर थाप मारली. कुसुममावशी पाणी मागत होत्या. आमचे हे मेल्याहून मेल्यासारखे पंख्याकडे बघत होते. आणि मी! मी इतकी खुलले होते की कशासाठी बोलायला बसले हेच माझ्या डोक्यातून गेलं. भानावर आले ती श्रीकांतच्या आईच्या वाक्याने.

"कुसुमताई, मला तर हे घर फारच आवडलं. आमच्याकडून होकार समजा."

सुलूचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी एखादी बाई आपणच लावलेल्या कुलपाची किल्ली आत राहिल्यावर दाराकडे बघते. मीच तिला अडकवलं होतं. एक शब्द न बोलता पोहे देऊन आत गेले असते तर निदान प्रकरण लांबलं तरी असतं.

सुलू उठून उभी राहिली. बघायच्या कार्यक्रमात मुलीने न सांगता उभं राहायची पद्धत नव्हती, त्यामुळे सगळ्यांना वाटलं ती नमस्कार करते आहे. श्रीकांतच्या आईने आशीर्वादाला हातसुद्धा उचलला.

"मला नोकरी सोडायची नाही," सुलू म्हणाली. "तुमची अट असेल तर मी हे लग्न करणार नाही. एवढंच सांगायचं होतं."

श्रीकांतच्या आईचा हात तसाच वर राहिला. "कसली अट?"

"नोकरी सोडायची."

"आम्ही कधी म्हटलं?"

"तुम्ही म्हणता म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

"आम्ही? अहो, आम्हाला तर सांगितलं की मुलगीच नोकरी सोडायचं म्हणते म्हणे! मी श्रीकांतला म्हटलं, का बाई सोडते चांगली नोकरी? पण म्हटलं, तिचा प्रश्न आहे."

सगळ्या माना कुसुममावशींकडे वळल्या. मावशींनी पाण्याचा रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

"मावशी," आमचे हे म्हणाले, "हे नक्की कोण म्हणालं?"

"आता असं नेमकं कसं सांगू?" मावशी म्हणाल्या. "सगळीकडे असंच म्हणतात ना! मुलाकडच्यांना नोकरी नको असते, मुलीकडचे सोडू म्हणतात. मी म्हटलं, मागाहून बोलाचाली नको, आधीच दोन्हीकडे सांगून ठेवलेलं बरं."

म्हणजे महिनाभर आमच्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं, सुलू गच्चीवर जाऊन रडत होती, मी झुरळांची मुंडकी छाटत होते, ते सगळं एका अशा वाक्यासाठी, जे कुणी बोललेलंच नव्हतं! मला पहिल्यांदा त्या शब्दाचा अर्थ लागला. सासूबाईंचं 'म्हणे' म्हणजे दाराला लावलेली कडी. वाटलं तर काढा, आत येऊन बघा. मावशींचं 'म्हणे' म्हणजे कडीला ठोकलेलं कुलूप. आणि मी मूर्ख, दोन्हींना एकच समजून कडीच उपटायला निघाले होते.

हसणं आधी कुणी सुरू केलं ते आठवत नाही. बहुतेक श्रीकांतच्या आईने. मग सासूबाई, मग मी. मावशीसुद्धा हसल्या, थोड्या उशिरा. सुलू मात्र उभीच होती. नाही म्हणायचं तिचं कारण भर बैठकीत तिच्या हातातून निसटलं होतं आणि हो म्हणावं असं काही तिच्यासमोर आलेलं नव्हतं. समोर फक्त वरपर्यंत बटणं लावलेला एक माणूस होता, जो आल्यापासून एक अक्षर बोलला नव्हता.

सुलूने त्यालाच विचारलं. "तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

श्रीकांत दचकला. त्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मी बोलले माझं." त्याने हातातल्या बशीकडे पाहिलं. घसा साफ केला.

"पोहे खारट झालेत," तो म्हणाला.

मी जागच्या जागी थिजले. पोहे करताना मनात उजळणी करत मीठ दोनदा घातलं होतं की काय, देव जाणे. पण सगळ्यांनी 'छान, छान' म्हणत अर्ध्या बशा संपवल्या होत्या! सासूबाईंनी घाईघाईने एक घास घेतला आणि त्यांचा चेहराच सगळं सांगून गेला.

सुलू पुढे गेली. त्याच्या बशीतला चमचा उचलून तिने पोहे चाखले, सगळ्यांसमोर, त्याच्याच बशीतले. कुसुममावशींनी आ वासला. सुलूने तोंड वाकडं केलं.

"हो," ती म्हणाली. "पण मी नाही केले. वहिनीने केलेत."

"मग ठीक आहे," श्रीकांत म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला.

तिचं ते 'हो' मिठाला होतं की माणसाला, हे कुणी विचारलं नाही. ज्याने त्याने आपल्या सोयीने घेतलं, आणि पंधरा दिवसांत साखरपुडा झाला.

परवा खारघरला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. रबाळ्यातून निवृत्त होऊन सुलूला आता वर्ष झालं, तरी घराच्या भिंतींचा रंग ती अजून नखाने खरवडून बघते. श्रीकांतने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "आमटीत मीठ कमी आहे." सुलूने शांतपणे मिठाची वाटी त्याच्याकडे सरकवली आणि मला म्हणाली, "बघ वहिनी, बघायच्या दिवशी याचा एवढा एकच दोष दिसला होता. तो बघून मी हो म्हटलं. बाकीचे सगळे नंतर निघाले."